आईवडिलांचे मृत्युपत्र आणि वारसांचा वाद

आईवडिलांच्या मृत्युपत्रावरून भावंडांत लागलेला दावा भावकीत आणि गावात वाटणीचा दावा म्हणूनच ओळखला जातो. थोरल्याला बंगला आणि धाकटीला काहीच नाही, हे रास्त की गैर, यावर सगळे बोलत असतात. न्यायालयापुढचा प्रश्न त्याहून बराच अरुंद असतो. हा कागद खरोखर त्या माणसाचे शेवटचे मृत्युपत्र आहे का, ते कायद्याने सांगितलेल्या रीतीने झाले का, आणि सही करताना त्याचे चित्त ठिकाणावर होते का, एवढेच तिथे पाहायचे असते. ईश्वरदेव नारायण सिंह विरुद्ध कामता देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच सांगितले की मृत्युपत्रातले देणे चांगले की वाईट, हा प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) देणाऱ्या न्यायालयाचा विषय नव्हे. तरीही वाटणीतला अन्याय या दाव्यात शिरतोच. फक्त तो पुढच्या दाराने येत नाही.

हा वाद कुठे चालतो, याबद्दल पहिली गफलत होते. घरातले भांडण म्हणून लोक कौटुंबिक न्यायालयाची चौकशी करतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाखाली त्या न्यायालयाकडे विवाह, पोटगी, मुलांचा ताबा आणि पतिपत्नींमधील मालमत्तेचे वाद येतात; आईवडिलांचे मृत्युपत्र येत नाही. ते जिल्हा न्यायालयात किंवा मुंबईत उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक शाखेत प्रोबेटसाठी जाते. नाहीतर दिवाणी न्यायालयात कोणीतरी वाटपाचा दावा लावतो, समोरचा त्याला उत्तर म्हणून मृत्युपत्र पुढे करतो आणि मग त्याच दाव्यात ते शाबीत करावे लागते. लवादापुढे मात्र हा प्रश्न नेता येत नाही. प्रोबेटचा निकाल फक्त दोन पक्षांवर नव्हे तर साऱ्या जगावर बंधनकारक असतो, म्हणून तो देण्याचा अधिकार न्यायालयाचाच, असे १९९३ मध्ये चिरंजीलाल गोएंका यांच्या वारशाच्या प्रकरणात ठरले.

मृत्युपत्र खरे ठरले तरी त्यात लिहिलेले सगळे मिळतेच असे नाही, कारण माणसाला स्वतःचे असेल तेवढेच देता येते. स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू आईवडिलांना हवी त्याला देता येते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र वडिलांना फक्त आपला हिस्सा देता येतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील कलम ३० ने तेवढीच मुभा दिली. २००५ च्या दुरुस्तीने मुली जन्मतः सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतल्या हिस्सेदार, झाल्या. वडील ही दुरुस्ती येण्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट झाले. आता 'सगळी जमीन मुलाला' असे लिहिले असले तरी मुलीचा स्वतःचा हिस्सा त्या वाक्याने जात नाही. उलट बाजूची गैरसमजूतही तितकीच पसरलेली आहे. आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जित नसते. १९५६ नंतर वडिलांना त्यांच्या वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने मिळालेली मिळकत सहसा त्यांची स्वतंत्र मालमत्ता धरली जाते, आणि ती त्यांना मृत्युपत्राने देता येते. 'आजोबांचे होते, बाबांना लिहून देण्याचा अधिकारच नव्हता' हा कैफियतीतला ठरलेला मुद्दा पुष्कळदा इथेच गळतो.

नामनिर्देशनाचा घोळ यातच येतो. बँकेत, विम्यात, गृहनिर्माण संस्थेत किंवा डिमॅट खात्यात ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले तो मालक झाला, असा समज अजून पक्का आहे. नॉमिनी हा रक्कम हातात घेणारा विश्वस्त, हे विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात ठरले होते. शेअरबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालाने उलटे मत दिले होते. तो गुंता सुटला तो 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या वादात. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले की कंपनी कायद्याखालचे नामनिर्देशन हा वारशाचा तिसरा मार्ग नव्हे. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणेच मालकी ठरते.

धर्म आणि प्रदेश बदलला की मृत्युपत्राची मोकळीकही बदलते. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, मात्र तिचे मृत्युपत्र तोंडीही चालते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आणि आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार अधिनियमात उतरलेली पद्धत आहे. तिथे मुलांसाठी अर्धा हिस्सा राखीव असतो, आणि कायद्यात सांगितलेली कारणे असल्याखेरीज आईवडिलांना तो काढून घेता येत नाही. गोव्याच्या रहिवाशाची मुंबईत जागा असेल तर तिला कोणता कायदा? एका गोवेकर वडिलांनी मुंबईतली मिळकत तीन मुलींपैकी धाकटीला मृत्युपत्राने दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने त्या मृत्युपत्राला प्रोबेटही दिले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की गोव्याच्या रहिवाशाची भारतात कुठेही असलेली मालमत्ता गोव्याच्याच वारसा कायद्याखाली येते. महाराष्ट्रात मात्र कोणा हिंदू बापाने एका मुलाला पूर्ण वगळले तर त्या मुलाला असा राखीव हिस्सा नाही. म्हणूनच इथले वाद मृत्युपत्राच्या खरेपणावर येऊन ठेपतात. मृत्युपत्र पडले तर बरोबरीचा वाटा, टिकले तर शून्य. मधली वाट कायद्याने ठेवलेली नाही.

मृत्युपत्र कसे करावे हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम ६३ सांगते, आणि ते दिसायला अगदी साधे आहे. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांनी ते करताना पाहायचे, किंवा ही सही माझीच असे त्याच्या तोंडून ऐकायचे, आणि मग त्याच्या समक्ष आपापल्या सह्या करायच्या. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, वकील नको, ठरावीक मसुदा नको. वहीच्या पानावर मराठीत हाताने लिहिलेले मृत्युपत्रही चालते. नोंदणी ऐच्छिक आहे. ती नाही म्हणून मृत्युपत्र अवैध होत नाही, आणि ती आहे म्हणून ते खरेही ठरत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन नोंदवलेली कितीतरी मृत्युपत्रे न्यायालयात पडली आहेत.

पडतात ती बहुतेक साक्षीदारांमुळे. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६८, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६७, सांगते की साक्षांकन करणाऱ्यांपैकी निदान एकाला, तो हयात आणि साक्ष देण्याजोगा असेल तर, न्यायालयात बोलवावेच लागते. समोरच्याने मृत्युपत्र नाकारले नसले तरी ही अट सुटत नाही. त्या एका साक्षीदाराला स्वतःबरोबर दुसऱ्याचेही सांगावे लागते: करणाऱ्याने सही केली ती मी पाहिली, मी त्याच्यासमोर केली, आणि दुसऱ्यानेही तशीच केली. जानकी नारायण भोईर या महाराष्ट्रातल्या प्रकरणात एकच साक्षीदार तपासला गेला. त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आले नाही. दुसरा हयात असून त्याला बोलावले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ते मृत्युपत्र शाबीत झाले नाही असे ठरवले. नोंदणी करणारा अधिकारी आणि तिथले ओळख पटवणारे लोक यांच्या सह्यांना आपोआप साक्षांकन म्हणता येत नाही, हे तर १९५५ पासून ठरलेले आहे. मसुदा लिहिणाऱ्याचेही तसेच. साक्षीदार म्हणून सही करण्याचा हेतू असावा लागतो.

तीस वर्षे जुन्या दस्तऐवजाला मिळणारे खरेपणाचे गृहीतक मृत्युपत्राला मिळत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कपाटात चाळीस वर्षे पडून असलेले मृत्युपत्रसुद्धा साक्षीपुराव्यानेच उभे करावे लागते. दोन्ही साक्षीदार वारले असतील तर त्यांच्यापैकी एकाचे हस्ताक्षर आणि करणाऱ्याची सही ओळखणारा माणूस शोधावा लागतो. वडिलांच्या वयाचे दोन मित्र साक्षीला घेण्याची जी सर्रास रीत आहे, ती या दृष्टीने फार गैरसोयीची. साक्षीदारालाच मृत्युपत्रात काही दिले असेल तर ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांत ते देणे बाद होते, साक्षांकन मात्र टिकते. हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागू नाही. तरी उलटतपासणीत अशा साक्षीदाराची काय गत होते, हे वेगळे सांगायला नको.

सही शाबीत झाली की प्रश्न मनाच्या अवस्थेचा. १९२५ च्या अधिनियमातील कलम ५९ प्रमाणे सज्ञान आणि शाबूत मनाची कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. शाबूत मन म्हणजे काय, याचे माप इंग्लंडमधल्या १८७० च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो या निकालातून आले. तिथला मृत्युपत्रकर्ता एक मेलेला माणूस आणि भुते आपला छळ करतात असे मानत होता. तरी आपण काय करतो आहोत, आपल्याकडे काय आहे आणि आपल्यावर कोणाचा हक्क पोचतो, हे त्याला समजत होते. त्याच्या भ्रमाचा मृत्युपत्रावर परिणाम झाला नव्हता. मृत्युपत्र टिकले. आजचे बहुतेक वाद इतके चमत्कारिक नसतात. पक्षाघात झालेला बाप, अतिदक्षता विभागातून नुकतीच आलेली आई, विस्मरणाच्या आजाराची सुरुवात झालेले आजोबा, असे ते असतात. वय किंवा आजार एवढ्याने मन अशाबूत ठरत नाही, आणि आधी वा नंतर भ्रमिष्ट असलेल्या माणसाने शुद्धीच्या काळात केलेले मृत्युपत्रही चालते. पाहायचा तो सहीचा दिवस. म्हणून डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडण्याची पद्धत पडली आहे. ते नसले तरी बिघडत नाही. असले आणि डॉक्टर साक्षीला आला नाही, किंवा रुग्ण त्याच्या ओळखीचाच नव्हता असे निघाले, तर तो कागद पुढे करणाऱ्याच्याच अंगावर येतो.

या साऱ्याच्या वर आहे संशयास्पद परिस्थितीचा सिद्धान्त. त्याचे दोन आधारस्तंभ मराठी न्यायमूर्तींनी लिहिलेले आहेत. न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी एच. वेंकटाचल अय्यंगार या प्रकरणात (निकालपत्रांत १९५९) सांगितले की मृत्युपत्र इतर दस्तऐवजांसारखेच शाबीत करायचे, पण एका फरकाने: ज्याने ते केले तो साक्षीला येऊ शकत नाही. म्हणून परिस्थितीत संशयाला जागा असेल तर तो फेडण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. त्या प्रकरणात मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने ते तयार करण्यात पुढाकार घेतला होता आणि त्याच मृत्युपत्राने त्याचा भरघोस लाभ होत होता. ते मान्य झाले नाही.

दुसरा निकाल न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचा, जसवंत कौर विरुद्ध अमृत कौर (१९७७). तिथल्या कागदाचे वर्णन मुळातून वाचण्यासारखे आहे. पंजाबातल्या एका गर्भश्रीमंत सरदाराची सारी इस्टेट नातवाला देणारे हे मृत्युपत्र फुलस्केप कागदाच्या एकाच तावावर पाठपोट टंकलिखित केलेले होते. भाषा उघडच वकिली थाटाची. पण मसुदा कोणी केला आणि टंकलेखन कोणी केले, याबद्दल एकही साक्ष नव्हती. पत्नीला त्यात जागा नव्हती, आणि का नाही याचे कारणही नव्हते. सरदाराच्या मृत्यूनंतर बराच काळ उलटल्यावर ते बाहेर आले. न्यायालय म्हणाले की असा वाद वादी आणि प्रतिवादी यांच्यापुरता राहत नाही. न्यायालयाच्या सदसद्विवेकाचे समाधान व्हावे लागते. ते झाले नाही.

वाटणीतला अन्याय दाव्यात शिरतो ते मागचे दार हेच. मुलीला वगळणे अन्यायाचे आहे म्हणून कोणतेही न्यायालय मृत्युपत्र रद्द करत नाही. वारसाला वगळणे हाच मुळी मृत्युपत्र करण्याचा हेतू असतो, नाहीतर वारसा कायदा होताच की, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रवींद्रनाथ मुखर्जी प्रकरणात म्हटले. पण कारण न देता वगळणे ही संशयाची एक खूण धरली जाते. थरथरती किंवा नेहमीपेक्षा वेगळी सही, फक्त मराठी येणाऱ्या आईचे इंग्रजी मृत्युपत्र, ते तिला वाचून आणि समजावून सांगितल्याचा उल्लेख नसणे, मृत्यूच्या आदल्या दिवसांतली घाई, लाभ घेणाऱ्याचाच वकील, त्याच्याच गाडीतून कचेरीत नेणे, मुलांच्या नावांत किंवा गट क्रमांकांत चुका, या इतर खुणा. एकेकटी खूण क्वचितच निर्णायक ठरते. तीनचार एकत्र आल्या आणि त्यात एक मूल कारणाशिवाय बाहेर असले, की पारडे फिरते. तेव्हा वाटणीच्या न्यायाला न्यायालयात अधिकृत जागा नसली तरी पुराव्याच्या रूपाने ती मिळते, असे म्हणावे लागते. 'मुलीचे लग्न थाटात करून दिले, तिला दागिने दिले, म्हणून हिस्सा ठेवत नाही' हे एक वाक्य मृत्युपत्राला किती बळ देते ते यावरून कळेल. कारण पटण्याजोगे असलेच पाहिजे असे नाही. ते करणाऱ्याचे स्वतःचे आहे असे दिसले पाहिजे.

फसवणूक, जबरदस्ती आणि दडपण यांचे गणित निराळे आहे. कलम ६१ प्रमाणे अशा मार्गाने मिळवलेले मृत्युपत्र रद्दबातल. पण आरोप करणाऱ्यालाच तो शाबीत करावा लागतो, आणि तपशिलासह. 'भावाने आईला भरीस घातले' एवढे पुरत नाही. शेवटच्या आजारात सेवा करणाऱ्या सुनेबद्दल सासूला माया वाटली, किंवा मुलाने विनवण्या केल्या, यात बेकायदेशीर काही नाही. स्वतःची इच्छा चालवण्याची मोकळीकच उरली नव्हती, हे दाखवावे लागते. अनुभवी वकील म्हणूनच दडपणाच्या आरोपापेक्षा संशयास्पद परिस्थितीवर जोर देतात. तिथे भार समोरच्यावर असतो.

एकाहून अधिक मृत्युपत्रे निघाली तर शेवटचे खरे. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येते. नव्या मृत्युपत्राने, लेखी घोषणेने, किंवा रद्द करण्याच्या हेतूने फाडून वा जाळून ते मोडते. नोंदवलेले मृत्युपत्र साध्या कागदावरच्या नंतरच्या मृत्युपत्रानेही बाजूला सरते, फक्त तो साधा कागद कसोटीला उतरला पाहिजे. लग्नानंतर आधीचे मृत्युपत्र रद्द होते हा नियम ख्रिस्ती आणि पारशी यांना आहे, हिंदूंना नाही.

दाव्याची वाट साधारण ठरलेली. गावात पहिली चकमक फेरफार नोंदीवर होते. लाभ घेणारा मृत्युपत्र घेऊन तलाठ्याकडे जातो, नोटिसा निघतात, वगळलेला वारस हरकत घेतो आणि प्रकरण तक्रारी नोंदवहीत चढते. मंडळ अधिकाऱ्यापासून अपिलांपर्यंत वर्षे जातात, आणि शेवटी जे ठरते ते महसुलापुरते. सातबाऱ्यावर नाव लागल्याने मालकी मिळत नाही. प्रोबेटचा अर्ज झाला तर वारसांना नोटीस जाते, विरोध करणारा कॅव्हेट, म्हणजे हरकतीची सूचना, आणि प्रतिज्ञापत्र दाखल करतो, आणि अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे, पण ती मृत्यूच्या तारखेपासूनच मोजायची असे नाही. अर्ज करण्याची गरज केव्हा उभी राहिली यावर ती अवलंबून असते. उशिराचा खुलासा मात्र द्यावा लागतो. भावंडांत तडजोड झाली तर कॅव्हेट मागे घेता येतो, मालमत्ता वाटून घेता येते. पण सगळ्यांची संमती आहे म्हणून न पाहता प्रोबेट मिळत नाही.

मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे होते. पुण्या-नाशकात, नागपुरात तसे नव्हते. ही सक्ती १९२५ च्या अधिनियमातील कलम २१३ मधून येत होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व दुरुस्ती कायद्याद्वारे ते कलम वगळले. प्रोबेट आता मुंबईतही ऐच्छिक आहे. ज्या घरात वाद नाही त्यांची त्यामुळे मोठी सुटका झाली. वाद असलेल्या घरांत मृत्युपत्राची परीक्षा टळलेली नाही, ती फक्त पुढे ढकलली जाईल: फ्लॅट विकताना, संस्थेत नाव चढवताना, बँकेत किंवा वाटपाच्या दाव्यात. तिथे साऱ्या जगावर बंधनकारक असा निकाल हाती नसेल. भांडणाची शक्यता दिसत असेल तर साक्षीदार हयात असतानाच स्वतःहून प्रोबेट घेणे अजूनही शहाणपणाचे आहे.

प्रोबेट मिळाले म्हणजे सगळे संपले असेही नाही. अपील होते, आणि कलम २६३ प्रमाणे पुरेसे कारण दाखवून ते रद्दही करून घेता येते. वारसांना नोटीसच दिली नव्हती, मृत्युपत्र बनावट निघाले, नंतरचे दुसरे सापडले, अशी ती कारणे. महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचे. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी कॉलऱ्याने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले होते आणि त्यात लोकमान्य टिळकांना इतरांबरोबर एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) नेमले होते. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा न झाला वा न जगला तर एक्झिक्युटरांच्या संमतीने दत्तक घ्यावा असे लिहिले होते. मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच गेला. १९०१ मध्ये औरंगाबादेस एक दत्तक झाले. पुढे ताईमहाराजांनी ते नाकारून दुसरा मुलगा दत्तक घेतला. १९०२ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाने प्रोबेट रद्द केले. टिळकांवर फौजदारी खटला चालून शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयाने १९०४ मध्ये रद्द केली. औरंगाबादच्या दत्तकाला मान्यता देणारा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल मार्च १९१५ मध्ये आला. तोवर बाबामहाराजांना जाऊन सतरा वर्षे उलटून गेली होती.